हॉट डॉगच्या डब्यात ढाळा

१

हिरव्या झाकणाच्या डब्यात एकशे वीस कांड्या असायला हव्या होत्या. विजयश्रीनं झाकण उचललं, तर आत हरभऱ्याचा ढाळा. ताजा, घाट्यांनी लगडलेला, देठाशी गवताच्या काडीनं बांधलेला. आणि त्याच्या उशाशी ठेवल्यासारखी पाच बोरं.

तिनं झाकण लावलं. पुन्हा उघडलं. बोरं पाचच होती.

"आता ह्याला काय म्हणायचं?" ती म्हणाली. पण नौबादच्या त्या रस्त्यावर सकाळी सात वाजता ऐकायला कुणी नव्हतं. काल येळवस झाली होती. येळवसच्या अमावास्येला बिदरची घरं रिकामी होतात आणि रानं भरतात. तहसीलदारापासून टपरीवाल्यापर्यंत जो तो कुणाच्या ना कुणाच्या शेतात, कडब्याच्या कोपीपुढं बसून मिसळ भाज्यांची भज्जी आणि भाकरी खातो, ताकातली आंबिल पितो. रस्ता अजून त्या जेवणाच्या सुस्तीतून उठला नव्हता.

विजयश्रीचा गाडा लाल-पिवळा, तीन चाकांचा. वर कानडीत आणि मराठीत पाटी, 'विजयश्री हॉट डॉग'. डावीकडं शाकाहारी मालाचं वाफेचं भांडं आणि हिरव्या झाकणाचा बर्फाचा डबा. उजवीकडं चिकनचं भांडं आणि लाल झाकणाचा डबा. सॉसेज हा शब्द नौबादच्या तोंडात बसला नाही, म्हणून सगळे कांडी म्हणत. शाकाहारी कांडी ती स्वतः बनवायची. वाटलेली डाळ, बटाटा, राजमा, लसूण. बांधून दोन दिवस बर्फात ठेवली तरच वाफेत फुटत नाही. म्हणजे आज सकाळी करून आज देणं शक्य नव्हतं.

आणि आज अकरा वाजता मुलींच्या हॉस्टेलचे सेक्रेटरी पांडुरंगराव चव बघायला येणार होते. आवडली तर हॉस्टेलचा रोजचा संध्याकाळचा नाश्ता तिच्याकडं.

अकरालाच आणखी एक माणूस येणार होता. चिंताकीहून तिचा थोरला भाऊ श्रीमंत, पिकअप घेऊन. "येळवसपर्यंत बघतो," त्यानं दिवाळीत सांगितलं होतं. "हॉस्टेलचं काम मिळालं तर ऱ्हा बिदरला. न्हाई मिळालं तर गाडा पिकअपमधी, तू म्होरं, अन् चल घरला. कुत्र्याच्या नावाचं खाणं इकायला डी.एड. केलीस का?"

लाल झाकण तिनं भीतभीत उचललं. चिकनच्या कांड्या होत्या तशा होत्या. चाळीसच्या चाळीस.

"चोर बी सोवळा मिळाला मला," विजयश्री म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.

२

"एक हॉट डॉग. मोहरीची चटणी नको," नलिनीबाई म्हणाल्या.

साडेसातला चालून परतताना त्या रोज हेच म्हणायच्या. मोजणी खात्यात बत्तीस वर्षं बांधाचे दगड आणि माणसांचे खोटे चेहरे बघून त्या निवृत्त झाल्या होत्या. तेव्हापासून नौबादमध्ये शेळी हरवली तरी लोक त्यांच्याकडं येत. त्याचा त्यांना भयंकर वैताग होता. त्याहून वैताग याचा, की शेळी सापडायची.

"अक्का, चोरी झालीया."

"मला भूक लागलीय विजू."

"अक्का!"

नलिनीबाईंनी सुस्कारा टाकला, चष्मा पदरानं पुसला आणि डब्यात डोकावून बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या.

"कुलूप?"

"तोडलं न्हाई. किल्लीनं उघडलंय. ह्या खांबाला साखळी, साखळीला कुलूप, परवा संध्याकाळी लावून गेले तसंच आज होतं. किल्ल्या तीन. एक माज्याकडं. एक श्रीमंतदादाकडं, कुलूप त्यानंच आणून दिलंया. तिसरी हॉस्टेलच्या वॉचमनच्या खोलीत, खिळ्याला."

"आणि त्या खोलीला कुलूप?"

"तिला दार हाय हेच लई झालं."

म्हणजे तिसरी किल्ली सगळ्या गल्लीची. नलिनीबाई वाकल्या. कंबर कुरकुरली, त्याही कुरकुरल्या. चाकावर तांबडी धूळ होती, नौबादची, जांभ्या दगडाची. बोटानं खरवडली तर खाली काळी माती, पापुद्र्यासारखी वाळलेली.

"चाकं कधी धुतली होतीस?"

"परवाच. सायेब यायचे म्हून."

"मग तुझ्या गाड्यानं काल येळवस केली. पाणी दिलेल्या काळ्या रानात जाऊन आला, आणि मुकाट्यानं आपल्या जागी येऊन उभा राहिला."

विजयश्रीनं गाड्याकडं असं बघितलं, जणू त्यानं तिला न विचारता काही केलं होतं.

डाव्या हाताचं भांडं लखलखत होतं. साबणानं येत नाही असली चमक. नलिनीबाईंनी बोट फिरवून वास घेतला. "राख. शेतात घासलंय. बुडाची काजळीसुद्धा काढलीय." उजव्या भांड्यात परवाचा वर्तमानपत्राचा कागद जसाच्या तसा. त्याला कुणी शिवलंच नव्हतं. ट्रेच्या कोपऱ्यात मात्र भाकरीचा एक तुकडा अडकला होता, बाजरीची, तीळ लावलेली.

तेवढ्यात विजयश्रीचा फोन किणकिणला. चिंताकीहून आईचा, राजूबाईचा, आवाजी निरोप. कालचा रानातला वारा आणि त्यात म्हातारीचा कापरा सूर:

*काळ्या रानात गं बाई, कोप कडब्याची बांधली*
*माजी लेक न्हाई आली, आंबिल कुणासाठी रांधली*

विजयश्रीनं फोन पालथा ठेवला. "भांडून ऱ्हायले मी हितं. दादाच्या तोंडाकडं बघायचं नव्हतं. सिद्धम्मा, माजी घरमालकीण, तिच्या रानात चार घास खाल्ले."

नलिनीबाईंनी चाकाची माती पुन्हा बोटावर घेतली. चिंताकीची माती काळी असते, हे त्यांनी मोजणीच्या नकाशावर बत्तीस वर्षं बघितलं होतं.

३

शेजारचा गाडा गोबी मंचुरीवाल्या संगमेशचा. तो आठला आला, दात कोरत. विजयश्रीला काम मिळालं नाही तर ते आपल्याला मिळेल, असं तो महिनाभर उघड बोलत होता.

"माझ्यावर येणार हे माहीत होतं मला," तो म्हणाला. "अक्का, ह्या पोरीच्या कांड्या चोरून मी काय करू? कोबीत घालू?"

"काल कुठं होतास?"

"सासऱ्याच्या रानात. हे काय, ह्या कमानीपलीकडं. तांबडी जमीन, दगडं जास्त, ज्वारी कमी. बोलावणी तर अकरा होती, पांडुरंगराव सरांनी पण सांगितलं होतं. नवीन घेतलंय ना त्यांनी रान, मांजरेच्या काठाला. पण सासरा रुसला तर बायको वर्षभर बोलत नाही. म्हणजे तसं बरंच आहे. पण जेवायला पण घालत नाही."

"गाडा कधी हलवला?"

"मी? चौघं लागतात अक्का, नाहीतर फळी लावून टेम्पोत चढवायचा. माझ्याकडं सायकल आहे."

हॉस्टेलचा वॉचमन नागनाथ साडेआठला एस.टी.तून उतरला, डोक्यावर गाठोडं, अंगाला धुराचा वास. तो खजुरीचा, तिकडं आळंदच्या पलीकडं, आणि येळवसला खजुरीला न जाणं त्याच्या हिशेबी पाप होतं.

"माझ्या खोलीतली किल्ली? हाय की खिळ्याला."

होती खरी. पण रोज दात आतल्या बाजूला करून टांगलेली असायची, आज बाहेर.

"मी परवा दुपारीच गेलो बघा. आचारी बंडेप्पा बी गेला, मेस बंद. सरच म्हणाले, जा रे बाबांनो, मी हाय. सतरंज्या न्यायला टेम्पो बी तेच घेऊन गेले. मला बी म्हणाले, आमच्या शेताला ये. म्हणलं, सर, खजुरी सोडून देवानं बोलावलं तरी येत न्हाई."

"आणि पोरी?" नलिनीबाईंनी विचारलं. "मेस बंद, तर पोरी काय खाणार?"

"आपल्या भागातल्या गेल्या घरला. रायचूर, बळ्ळारी, तिकडच्या पन्नासेक असतील. त्यांच्याकडं कुठं हाय येळवस! आपलं आपण बघत्याल की." नागनाथनं गाठोडं उतरवलं. "अक्का, कामून विचारायलाव मला? मी काय खाल्ल्या व्हय एकशे वीस कांड्या? मला तर ते नावच ऐकून वकारी येती."

"तुझा रोज एक फुकट खाऊन होतो की," विजयश्री तडकली.

"तो बिननावाचा खातो. नुसता पाव अन् मधली कांडी."

नलिनीबाई हॉस्टेलच्या फाटकातून आत गेल्या. काचेच्या फलकावर पाणी बंद, फी भरा, ओढणी दोरीवर वाळत घालू नये असले कागद होते, आणि त्यात एक हिरव्या शाईनं सुंदर अक्षरात लिहिलेला. त्यांनी तो वाचला. मग चष्मा काढून पुन्हा वाचला, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"काय हाय अक्का?"

"काही नाही. माणसाचा मोठेपणा आहे. मला एक सांग, परवाच्या आधी ह्या गाड्याजवळ कोण येऊन काय काय विचारून गेलं?"

विजयश्री सांगणार, इतक्यात वळणावर हॉर्न वाजला. ओळखीचा. पिकअप दोन तास आधीच आला होता, आणि त्याची चारही चाकं काळ्या मातीनं माखलेली होती.

४

"दादा, तूच नेलास!"

श्रीमंत खाली उतरलासुद्धा नव्हता. उंच, मिशांचा, कालच्या जागरणानं डोळे लाल. "काय नेलं?"

"गाडा! किल्ली तुज्याकडं. चाकाला काळं रान लागलंय. माजं काम बुडवायचं म्हून कांड्या नेल्यास, अन् वर ढाळा ठेवून चेष्टा करायलास!"

"माजी किल्ली?" त्यानं खिसे चाचपले. चाव्यांच्या जुडग्यात ती होती, गंजलेली, लोकरीच्या धाग्यात गुंतलेली. "ही बघ, आहे. अन् बांध ओलांडून सरळ इकडं आलोय, चाकाला माती लागंल न्हाई तर काय गुलाल लागंल?"

"मग एवढ्या लवकर कामून आलास?"

श्रीमंतनं जुडगं खिशात घातलं. त्याचा चेहरा एकदम लहान झाला.

"आई काल जेवली न्हाई," तो म्हणाला. "कोपीतल्या पाच पांडवांच्या दगडांम्होरं ताट वाढलं, अन् बसून ऱ्हायली. म्हणली, लेकीबिगर येळवस गोड लागत न्हाई. मला रात्री झोप न्हाई आली. म्हणलं लवकर जाऊन घेऊन यावं तुला. एकदाचं मिटवावं."

"मिटवायचंच हाय तुला!"

"पुरे," नलिनीबाई म्हणाल्या. "माझ्या पोटात अजून काही नाही आणि तुम्ही भावंडं माझं डोकं खाताय. श्रीमंत, चहाला पाणी ठेव. ह्या गाड्यावर."

"मी?"

"तू."

श्रीमंतनं काडी ओढली, नॉब डावीकडं फिरवला. काही नाही. दुसरी काडी. आणखी फिरवला. तिसऱ्या काडीनं बोट भाजलं आणि त्यानं चिंताकीच्या भाषेत गॅसच्या आईची चौकशी केली.

विजयश्री न राहवून हसली. "उलटा बसलाय नॉब. बंदकडं नेला की चालू हुतो. दाखवल्याबिगर कुणाला येत न्हाई."

"आणि काल कुणाला तरी आला," नलिनीबाई म्हणाल्या. "शिवाय साधी गोष्ट आहे. याला गाडा न्यायचाच होता. एकदा नेला असता, तर परत आणून साखळीला कशाला बांधला असता? सोड त्याला. आता माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. हा उलटा नॉब तू कुणाकुणाला दाखवलास?"

"संगमेशला ठावं हाय. अन्..." विजयश्री थांबली. तिच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "अन् गेल्या मंगळवारी. सगळं दाखवलं मी. शेगडी कशी पेटती, एका खेपेला कांड्या किती बसतात, किती वेळ लागतो. म्हणलं साठ बसतात, दोन खेपांत एकशे वीस. लिहून घेतलं त्यांनी."

"अकरा वाजू देत," नलिनीबाई म्हणाल्या. "पावाची लादी आण. आणि तोंड धू."

५

पांडुरंगराव अकराला पाच मिनिटं कमी असताना आले. पांढरा सदरा, खिशाला हिरव्या शाईचं पेन, हातात वही. गल्लीत त्यांना मान होता. कुणाच्या लग्नात, कुणाच्या दवाखान्यात ते सगळ्यांच्या आधी हजर असत. गाड्याजवळ येऊन ते उभे राहिले, पण गाड्याकडं त्यांनी बघितलं नाही.

"हां, विजयश्री. दाखव माल."

"सर, माल चोरीला गेलाय."

"अरेरे." त्यांनी वही उघडली आणि लगेच मिटली. "वाईट झालं. पण माझं काय आहे, वेळेला माल पाहिजे. दीडशे पोरींचा प्रश्न आहे. आज चोरी, उद्या आणखी काही. मी संगमेशला सांगतो. तुझ्याविषयी माझं काही म्हणणं नाही हं."

संगमेशनं दात कोरणं थांबवलं. श्रीमंतनं बहिणीकडं बघितलं. वर्षभर त्याला हाच क्षण हवा होता, आणि आता तिच्या खांद्यांकडं बघून तो नकोसा झाला. तरी त्यानं पिकअपचं मागलं फळकुट खाली पाडलं. धाड् असा आवाज झाला.

"थांब रे," नलिनीबाई म्हणाल्या. "राव, काल मी तुमच्या शेताला आले नाही. रागावलात?"

"छे छे, अक्का. तुम्हाला घरचीच बोलावणी किती."

"तेच म्हणते. तुम्ही मला बोलावलंत, संगमेशला बोलावलंत, नागनाथला बोलावलंत. येळवसला सगळेच सगळ्यांना बोलावतात. बोलावणाराला ठाऊक असतं, दहातले दोन येतील. तेवढा अंदाज आपल्या भागातल्या लहान पोरालाही असतो. तुम्ही हौसेनं नवीन रान घेतलंत, आणि हौसेनंच फलकावर हिरव्या शाईत लिहिलंत, 'सर्व विद्यार्थिनींनी आमच्या शेतात जेवायला अवश्य यावे.' मी वाचला कागद. पण रायचूर-बळ्ळारीच्या पोरींना येळवसचं बोलावणं कसं ऐकायचं हे कोण शिकवणार? मेस बंद. त्या पन्नासच्या पन्नास आल्या. आणि आणखी कोण कोण?"

पांडुरंगरावांनी सदऱ्याचं बटण चाचपलं. "आले असतील थोडे जण. त्याचा इथं काय संबंध?"

"सांगते. भूक लागलीय म्हणून भरभर सांगते. चोरानं महाग चिकनला हात लावला नाही, स्वस्त शाकाहारी नेलं, कारण काल रानात मांस चालत नाही. पाव नव्हते, ते आज सकाळी येतात. म्हणून कांड्या तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर गेल्या. एका दिवसात एकशे वीस संपल्या, म्हणजे पंगत मोठी आणि जेवण कमी पडलेलं. पंगतीला कमी पडणं ही येळवसला मरणाची लाज. संगमेशच्या सासऱ्याचं रान तांबडं, आणि त्याच्याकडं सायकल. नागनाथ खजुरीला, एस.टी.नं. श्रीमंतला शेगडी पेटवता येत नाही. राहिला असा माणूस, ज्याचं रान मांजरेच्या काठाला काळं, ज्याच्याकडं काल टेम्पो होता, जो नागनाथच्या खोलीत कधीही जाऊ शकतो, आणि ज्यानं मंगळवारी लिहून घेतलं होतं की दोन खेपांत एकशे वीस."

संगमेशनं दात कोरायची काडी फेकून दिली.

"अक्का," पांडुरंगराव हळू म्हणाले, "वयाचा मान ठेवून ऐकून घेतलं. मी हॉस्टेलचा सेक्रेटरी आहे. मी गाडा चोरीन? पुरावा आहे काही? काळी माती अर्ध्या जिल्ह्याची आहे."

"पुरावा डब्यात आहे," नलिनीबाई म्हणाल्या. "पण तो मी तुम्हाला विचारणार नाही."

त्यांनी फोन काढला, चष्म्यावरून क्रमांक शोधला आणि आवाज मोठा केला.

६

"विनीताबाई? नलिनी बोलतेय. अहो, ढाळा पोचला बरं का. विजयश्री म्हणते, घाटे फार गोड आहेत."

पलीकडून बांगड्यांचा आवाज आला आणि मग पांडुरंगरावांच्या बायकोचा मोकळा, थकलेला, समाधानी आवाज.

"पोचला का? बरं झालं बाई! मी ह्यांना शंभरदा म्हटलं, पोरीनं आपण होऊन गाडा दिला, वेळेला धावली, आणि आपण भांडं रिकामं कसं पाठवायचं? रिकामं भांडं परत द्यायची आमच्यात रीत नाही. हे म्हणतात, कशाला, राहू दे, राहू दे. मीच गुपचूप ठेवला झाकणाखाली. बोरं बांधावरची आहेत. काय सांगू अक्का, ऐंशी माणूस आलं! भज्जी संपली, आंबिलीचा डेरा उपडा झाला, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कोपीमागं गाडा लावून ह्यांनी वाफवल्या, मी वाढल्या. पोरी विचारत होत्या, हे कसलं भज्जीचं नवीन रूप? पुन्हा मागितल्या. आणि हो, आठ उरल्यात, फ्रीजमध्ये आहेत. त्या पोरीला द्यायला आणू का मी?"

"आणा," नलिनीबाई म्हणाल्या. "लगेच आणा."

फोन बंद झाला. पांडुरंगराव गाड्याला टेकले. आता पहिल्यांदाच त्यांनी गाड्याकडं बघितलं.

"आज सकाळी लवकर येऊन सांगणार होतो," ते म्हणाले. "खरंच सांगणार होतो. पण शब्द जुळेनात."

"म्हून काम संगमेशला द्यायला निघालाव?" विजयश्रीचा आवाज चढला. "माजी कांडी हॉस्टेलमधी आली असती तर पोरींनी वळखली असती. म्हणल्या असत्या, ही तर सरांच्या शेतातली. तुमची लाज झाकायला माजं पोट मारलंत!"

त्यांनी मान डोलावली.

"एक फोन केला असता सर. मी सिद्धम्माच्या रानात होते, कोसावर. मीच आले असते. मीच वाफवल्या असत्या."

"द्यायची सवय आहे गं मला," पांडुरंगराव म्हणाले. "मागायची नाही. ऐंशी माणसं बसलेली, आणि मी फोनवर कुणाला तरी म्हणायचं, जेवण कमी पडलं? जीभ उचललीच नाही. गाडा आणणं सोपं वाटलं."

"काय माणूस हाय!" श्रीमंत म्हणाला, आणि त्याच्या आवाजातला वैताग आता बहिणीवरचा नव्हता. "सायेब, भूक लागलेल्या माणसाची चोरी ऐकली होती. वाढणाऱ्याची पयल्यांदा बघायलोय."

नागनाथला हसू आवरेना. संगमेश पुटपुटला, "म्हणजे माझं काम गेलं का आता?" आणि स्वतःच उत्तर समजून तो कोबी चिरायला बसला.

विजयश्रीनं चिमटा ठेवला. "सर, चव बघायची बाकी हाय का अजून?"

"पन्नास पोरींनी बघितली. मी स्वतः चार खाल्ल्या."

"मग लिहा वहीत. अन् त्याच शाईनं फलकावर बी लिहा, येळवसला तुमच्या पंगतीत जे वाढलं ते कुणाच्या गाड्यावरचं हुतं. आज दुपारी पोरी वाचत्याल असं. मी पोलिसात जात न्हाई. पण म्होरल्या येळवसला गाडा पायजे असंल, तर तोंडानं मागायचा."

पांडुरंगरावांनी खिशातलं पेन काढलं. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं. विजयश्रीनं वही उलटी धरून दोनदा वाचली, सुलटी धरून एकदा.

विनीताबाई आल्या, डबा घेऊन, घाईघाईत, आणि सगळ्यांचे चेहरे बघून त्यांना काय ते कळलं. त्यांनी डबा नवऱ्याला ओलांडून विजयश्रीच्या हातात दिला.

आठ कांड्या वाफेला लागल्या. लसणाचा वास रस्त्यावर पसरला, तशी येळवसची सुस्ती उतरून गल्ली डोळे चोळत उठली. नलिनीबाई स्टुलावर बसून वाट बघत होत्या. चार तास झाले होते.

श्रीमंतनं पिकअपचं फळकुट उचललं आणि कडी लावली. "जातो मग. आईला सांगतो, लेक हितंच ऱ्हाती म्हून."

"थांब की दादा."

विजयश्रीनं आठ पाव चिरले. आठांत आठ कांड्या घातल्या, आईला मोहरी चालत नाही म्हणून नुसती हिरवी चटणी लावली, स्टीलच्या डब्यात एकावर एक रचले. झाकण बसेना. तिनं दाबून बसवलं.

"गाडा न्यायला आलतास," ती म्हणाली. "रिकामी गाडी घेऊन आईकडं कसा जाशील?"

श्रीमंतनं डबा घेतला. त्यानं डबा मागं टाकला नाही. शेजारच्या सीटवर ठेवला, आणि पडू नये म्हणून त्याच्याभोवती स्वतःचा टॉवेल गुंडाळला.

दुपारी चिंताकीहून निरोप आला. खाता खाता गायलेला, घास अर्धा तोंडात:

*भरल्या गं डब्याचं, झाकण न्हाई बसत*
*दूर नांदे लेक माजी, घास येतो हसत*

पण ते दुपारी. पिकअप वळणाआड गेला, तेव्हा विजयश्रीनं डोळे पुसले, मागं वळून बघितलं आणि जीभ चावली.

"अक्का! आठच्या आठ दिल्या की मी!"

"बघितलं मी," नलिनीबाई म्हणाल्या. त्यांनी सुस्कारा टाकला, हिरव्या झाकणाच्या डब्यातून ढाळा बाहेर काढला, मांडीवर घेतला आणि पहिला घाटा सोलला. "उद्या एक हॉट डॉग. मोहरीची चटणी नको. आणि उद्या कुणाचं काही हरवलं, तर मला सांगू नकोस."